मदतनिसाची पाठ मैदानाकडे

जून उलटला की कॉलेजांत राष्ट्रीय सेवा योजनेची नावनोंदणी सुरू होते. दोन वर्षांत 240 तास काम आणि सात दिवसांचं एक शिबिर, असा तिचा हिशेब. झाडं लावणं, शोषखड्डे खणणं, रक्तदान या ठरलेल्या कामांच्या जोडीला काही कॉलेजं विद्यार्थ्यांना दिव्यांग मुलांच्या संस्थांत खेळ शिकवायलाही पाठवतात. पुण्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका मुलीने यंदा तिथे नाव दिलं. तिचा मामा जन्मापासून दृष्टिहीन. बँकेत नोकरी, आणि तरुणपणी अंधांच्या क्रिकेटमध्ये सलामीचा फलंदाज. मामा खूश होईल अशी घरच्यांची खात्री होती. मामाने जेवण होईपर्यंत काहीच म्हटलं नाही. मग प्रश्न सुरू झाले.

मामा: कुठला खेळ शिकवणार आहेस?

भाची: सगळेच. धावणं, गोळाफेक, बोचिया, पोहणं. दर रविवारी सकाळी.

मामा: आणि तू स्वतः काय खेळतेस?

भाची: शाळेत खो-खो खेळायचे. आता सकाळी तळजाईवर पळते.

मामा: म्हणजे खो-खोच्या पुण्याईवर पोहायला शिकवणार! उद्या एखाद्या तलावावर जाऊन सांग, मला मुलांना पोहायला शिकवायचंय, कोच म्हणून घ्या. घेतील? जीवरक्षकाचा कोर्स केलास का, विचारतील. कुठे शिकलीस, विचारतील. आमच्या मुलांची गोष्ट आली की मात्र मन चांगलं असलं म्हणजे भागतं.

भाची: मन चांगलं असणं वाईट आहे का?

मामा: वाईट नाही, अपुरं आहे. आमच्या शाळेत सणावाराला पाहुणे यायचे. आम्ही बॅट हातात घेतली की टाळ्या. चेंडू लागला तरी टाळ्या, हुकला तरी टाळ्या. हुकल्यावरच्या टाळीचा किती राग यायचा, तुला कल्पना नाही. मैदानावर माझी चूक मला सांगणारं कोणी नसेल, तर मी खेळाडू कसला?

भाची: मी टाळ्या वाजवायला जात नाहीये.

मामा: मग काय करायला जातेस ते तरी कळू दे. डाऊन सिंड्रोमची मुलं आहेत तिथे?

भाची: आहेत.

मामा: त्यांच्यातल्या काहींच्या मानेतल्या अगदी वरच्या दोन मणक्यांमधला सांधा सैल असतो. बाहेरून दिसत नाही. डॉक्टरांनी तपासल्याशिवाय त्या मुलाला तू हौसेने कोलांटउडी शिकवलीस, तलावात सूर मारायला लावलास, तर मज्जारज्जूला इजा होऊ शकते. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांमध्ये अपस्मार इतरांपेक्षा जास्त आढळतो. पाण्यात झटका आला तर काठावर उभं राहून ओरडणारी ताई काय कामाची? ज्याच्या मणक्याला वरच्या भागात इजा झालीय, त्याला त्याखाली नीट घाम येत नाही, अंग तापत राहतं. एप्रिलच्या उन्हात त्याला तू म्हणालीस, ‘चल, अजून एक फेरी’, तर तो बिचारा मारेलही. नंतरचं कोण निस्तरणार?

भाची: हे गंभीर आहे, मान्य. पण मामा, हे सगळं तू मला आत्ता दोन मिनिटांत सांगितलंस. तू डॉक्टर नाहीस, मी डॉक्टर नाही. सांगितल्यावर मला कळलं. म्हणजे धोका ओळखणं शिकवता येतं. मैदानावर पाऊल टाकण्याआधी आम्हाला हे शिकवा, असं म्हणता येतं. त्यासाठी जायचंच नाही, हे कुठून आलं?

मामा: यादी पाठ करणं आणि मूल ओळखणं यात फरक आहे.

भाची: आहे. पण मूल ओळखायला आधी त्याच्याजवळ जावं लागेल ना?

मामा: बोलण्यात हरायची नाहीस तू. बरं, पॅरिसचा निकाल आठवतोय? 2024च्या पॅरालिंपिकमध्ये भारताला 29 पदकं मिळाली, त्यातली 7 सुवर्ण. सांगली जिल्ह्यातल्या सचिन खिलारीने गोळाफेकीत 16.32 मीटरवर रौप्य घेतलं. सांगलीच्याच सुकांत कदमचं बॅडमिंटनमधलं कांस्य शेवटच्या सामन्यात हुकलं. ही पदकं रविवारच्या ताई-दादांनी मिळवून दिलेली नाहीत. त्यामागे पूर्ण वेळ राबणारे प्रशिक्षक आहेत, फिजिओ आहेत, खेळाडूची वर्षंच्या वर्षं आहेत.

भाची: ते शिखर झालं. पायथ्याला काय आहे ते बघ. 2011च्या जनगणनेत महाराष्ट्रात 29 लाखांहून जास्त दिव्यांग व्यक्ती मोजल्या गेल्या. त्यातल्या मुलांपैकी कितींना खेळाचा तास मिळतो? शाळेत पी.टी.ला सगळे मैदानावर, आणि कुबडीवाला मुलगा वर्गात दप्तरं सांभाळायला. शिकलेला प्रशिक्षक तालुक्याला पोहोचेपर्यंत थांबायचं ठरवलं, तर आज दहा वर्षांचं असलेलं मूल तोवर नोकरी शोधत असेल.

मामा: मग ते काम सरकारचं आहे. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकारची दिव्यांगता धरली आहे. त्याच्या 16व्या कलमात स्पष्ट म्हटलंय, शाळांनी या मुलांना भेदभाव न करता प्रवेश द्यायचा आणि शिक्षणाबरोबर खेळाची संधीही इतरांच्या बरोबरीने द्यायची. 30वं कलम तर सगळं खेळांवरच आहे. हा हक्क आहे, कोणाच्या सवडीचा प्रश्न नाही. तुमच्यासारखी पोरं फुकट मिळायला लागली की संस्था म्हणते, ‘आहेत की कॉलेजची मुलं, क्रीडाशिक्षक कशाला नेमायचा?’ तुमच्या चांगुलपणामुळे एका माणसाचा पगार वाचतो आणि मुलांचं नुकसान होतं.

भाची: आणि आम्ही गेलो नाही तर लगेच नेमतात का? मला हे उलटं दिसतं. दर रविवारी मैदानावर पंचवीस मुलं आणि त्यांचे पालक दिसायला लागले, की नगरसेवकाकडे जाऊन रॅम्प मागता येतो, स्वच्छतागृह मागता येतं, प्रशिक्षकाचं पद मागता येतं. रिकाम्या मैदानासाठी कोणी अर्ज करत नाही. आणि शिवाजी पार्कवर उदय देशपांडेंनी दृष्टिहीन मुलांना मल्लखांब शिकवला, तो काय सरकारी आदेश निघाल्यावर?

मामा: चांगलं नाव घेतलंस, पण ते माझ्या बाजूने जातं. देशपांडे सरांना मल्लखांब नखशिखांत माहीत. त्यांनी त्यात आयुष्य घातलं, 2024 साली पद्मश्री मिळाली ती काही सहा महिन्यांच्या कामाला नव्हे. आणि खेळ बघ कसा आहे. खांब जागचा हलत नाही, दोर हाताला लागलेला असतो. डोळ्यांनी बघायचं त्यात फार थोडं. न बघणाऱ्याला काय जमेल हे कोणाला कळतं? ज्याला खेळ आतून माहीत आहे त्याला. तुला खो-खो माहीत आहे. मग खो-खोचं काहीतरी शोध. पोहण्याला हात लावू नकोस.

भाची: पोहण्यातही माझ्या जोगतं काम आहे, मी वाचून काढलंय. दृष्टिहीन पोहणाऱ्याला भिंत जवळ आल्याचं कळत नाही. म्हणून काठावर एक जण लांब दांडी घेऊन उभा असतो. दांडीच्या टोकाला मऊ गोळा. नेमक्या क्षणी तो पोहणाऱ्याला हलकेच टोचतो, मग तो वळतो किंवा हात लांब करून भिंतीला टेकतो. हे काम करणारा पोहायला शिकवत नाही. पण तो नसेल तर पोहणारा वेगात जाऊन भिंतीवर डोकं आपटेल.

मामा: हं. आणि ती टोचणी अर्ध्या सेकंदाने चुकली तर?

भाची: म्हणून दर रविवारी तोच माणूस लागतो. पळण्याचंही तसंच. पूर्ण दृष्टिहीन धावपटूच्या हातात दोरीचं एक टोक, सोबत्याच्या हातात दुसरं. सोबत्याने ओढायचं नाही, ढकलायचं नाही, आणि शेवटच्या रेषेवर धावपटूच्या पुढे जायचं नाही. गेला तर धावपटू बाद. पॅरिसला सिमरन शर्माला 200 मीटरमध्ये कांस्य मिळालं, तेव्हा तिच्या बरोबर अभय सिंह धावत होता. आता सांग, असा सोबती कुठून मिळणार? तो धावपटूपेक्षा वेगवान पाहिजे. नाहीतर धावता धावता ‘वळण आलं, तीस मीटर राहिले’ असं सांगायला श्वास उरणार नाही. पन्नाशीतला क्रीडाशिक्षक हे करू शकत नाही. तळजाईवर पळणारी मुलं करू शकतात.

मामा: हे पटलं. बोचियाचं माहीत आहे?

भाची: चामड्याचे मऊ चेंडू, पांढऱ्या चेंडूच्या जास्तीत जास्त जवळ टाकायचे. सेरेब्रल पाल्सी असलेले खूप जण खेळतात.

मामा: त्यात एक गट असा आहे, ज्यांना हाताने चेंडू फेकता येत नाही. ते उतरती घसरपट्टी वापरतात. तिला दिशा द्यायला, उंची बदलायला शेजारी एक मदतनीस. नियम असा आहे की मदतनिसाने मैदानाकडे पाठ करून बसायचं. खेळ बघायचा नाही, मान वळवायची नाही, काही सुचवायचं नाही. खेळाडू सांगेल तेवढीच घसरपट्टी हलवायची. चेंडू सोडायचा तो खेळाडूनेच. हात तुझे, डोकं त्याचं. मला विचारशील तर सगळ्या स्वयंसेवकांना पहिल्या दिवशी हा एक नियम शिकवावा, बाकी भाषणं नकोत. तुम्हाला मैदान दिसतं, म्हणून तुम्हीच ठरवता. ‘थांब, तुला जमणार नाही, मी टाकते.’ ही सवय मोडायला लागते.

भाची: मग आपलं भांडण कशाचं? मी हेच करायला जातेय.

मामा: भांडण पुढे आहे. जुलैत जाल. ऑगस्टला उत्साह. मग इन-सेम, मग सबमिशन, मग एंड-सेम, मग सुट्टीत घरी. जानेवारीला नवी पोरं. ऑटिझम असलेल्या अनेक मुलांना माणूस बदललेला सोसत नाही. तुझा आवाज ओळखीचा व्हायला त्याला चार महिने लागणार, आणि तो झाला की तू गायब. आमच्या होस्टेलवरही कॉलेजचे ‘दादा’ यायचे. आम्ही त्यांना पावलांवरून ओळखायला लागायचो, तोवर ते बंद व्हायचे. विचारलं की वॉर्डन म्हणायचे, त्यांची परीक्षा आहे. ती परीक्षा कधी संपलीच नाही.

भाची: एकही टिकला नाही?

मामा: एक टिकला. पहिल्या दिवशी तो आला तेव्हा आमच्या चेंडूतले छर्रे सांडून गेले होते, आवाज नीट येत नव्हता. बाकीचे आम्हाला गोळ्या वाटत होते, हा चेंडू दुरुस्त करत बसला. पुढच्या खेपेला नियम विचारून आला. आमच्यात गोलंदाज खांद्याखालून, जमिनीलगत टाकतो. आधी ‘रेडी?’ विचारतो, मी ‘येस’ म्हटलं की ‘प्ले’ म्हणून सोडतो. त्याने महिनाभर नुसती गोलंदाजी केली, माझ्या उजव्या यष्टीच्या बाहेर. मी सतत हुकायचो. तो म्हणायचा, ‘चेंडूचा टप्पा पडला की तुझं डोकं वर येतं, म्हणून हुकतोस.’ मला पहिल्यांदा कोणीतरी खरं कारण सांगितलं होतं. माझा स्वीप त्याने बसवला.

भाची: तो प्रशिक्षक होता?

मामा: बी.कॉम.ला होता.

भाची: मग तो काय वेगळं करायला आला होता? मीही तेच म्हणतेय.

मामा: एक टिकला म्हणून पन्नासांचं समर्थन होत नाही.

भाची: तो एक पन्नासांतूनच निघाला ना? आधीच ओळखता आला असता, तर त्या एकालाच बोलावलं असतं. मात्र गायब होण्याचं तुझं म्हणणं खरं आहे. त्याला माझ्याकडे एक उपाय आहे. प्रत्येक गटाला एक दुसऱ्या वर्षाची आणि एक पहिल्या वर्षाची मुलगी. एक वही. कोणत्या मुलाला काय शिकवून झालं, कशाची भीती वाटते, कोणता शब्द त्याला कळतो, डॉक्टरांनी काय करू नये म्हटलंय, हे सगळं त्यात. परीक्षेच्या महिन्यात कोण येणार याची पाळी आधीच ठरलेली. मी तिसऱ्या वर्षाला गेले की वही पुढच्या मुलीकडे.

मामा: वही बरी आहे. त्यात फोटो लावू नका.

भाची: म्हणजे?

मामा: रील. मुलाने गोळा टाकला की तुमचा मोबाइल वर. त्याला विचारलं का? त्याच्या आईला विचारलं का? खेळाडूचा फोटो त्याच्या कामगिरीला असतो, तुमच्या सेवेला नसतो.

भाची: ठीक. परवानगीशिवाय फोटो नाही. आता माझं एक ऐक. तू सारखं ‘तुम्ही शिकवणारे, आम्ही शिकणारे’ असं मांडतोस. मला शिकवण्यापेक्षा त्यांच्याबरोबर खेळायला जास्त आवडेल. स्पेशल ऑलिंपिक्सच्या ‘युनिफाइड’ प्रकारात बौद्धिक अक्षमता असलेले आणि नसलेले खेळाडू एकाच संघात असतात. तिथे मी कोच नाही, ताई नाही. पास चुकला तर संघातला मुलगा माझ्यावर ओरडेल.

मामा: आणि तू जोरात पळून सगळे गोल करशील.

भाची: तसं करायचं नाही हाच त्यातला नियम आहे. सक्षम जोडीदाराने खेळ ताब्यात घ्यायचा नसतो. आणि तुमच्या क्रिकेटने हे केव्हाच सोडवलंय की. पूर्ण दृष्टिहीन फलंदाजाच्या धावा दुप्पट मोजतात, अकरांत असे किमान चार जण असावेच लागतात. थोडं दिसणाऱ्यांनीच सगळा खेळ करू नये म्हणून ही तजवीज. गोलबॉलमध्ये तर सगळ्यांच्या डोळ्यांवर काळी पट्टी, अंधुक दिसणाऱ्याच्याही. सरावाला मी पट्टी बांधून उतरले तर सगळ्यांत कच्ची मीच असेन.

मामा: ते मात्र ऐकायला आवडेल मला. पण नियम नुसते छापून भागत नाही, ते पाळणारी माणसं लागतात. 2000 साली सिडनीला स्पेनच्या बास्केटबॉल संघाने बौद्धिक अक्षमतेच्या गटात सुवर्ण जिंकलं. नंतर उघड झालं की बारापैकी दहा खेळाडूंना तशी काही अक्षमता नव्हतीच. शिक्षा कोणाला? त्या गटातले सामनेच पॅरालिंपिकमधून बंद झाले, ते लंडनला 2012मध्ये परत आले. बारा वर्षं! खऱ्या खेळाडूंचं वय निघून गेलं. म्हणून सांगतो, गट ठरवणं, कागद भरणं, वय लिहिणं ही कामं स्वयंसेवकाच्या हातात आली तर ती तास भरण्यासाठी करू नका.

भाची: तासांवरून तू आल्यापासून टोमणे मारतोयस. तास मी मोजणार. तास आहेत म्हणून कॉलेज बसचे पैसे देतं, प्राध्यापक रविवारी येतात. तास नसते तर माझ्या वर्गातली निम्मी मुलं तिथे फिरकलीही नसती, आणि त्यातल्या दोघांना आता हे काम सोडवत नाहीये.

मामा: मोज. पण तासांबरोबर आणखी एक मोजत जा. तुझ्या धावपटूची वेळ. जुलैत किती, डिसेंबरला किती. मुरलीकांत पेटकरांनी 1972 साली हायडेलबर्गला 50 मीटर पोहून सुवर्ण जिंकलं. वेळ 37.33 सेकंद. 1965च्या युद्धात गोळ्या लागलेला इस्लामपूरकडचा सैनिक. त्यांना पद्मश्री मिळाली 2018 साली. लोकांना मध्ये इतकी वर्षं तो आकडा दिसला नाही, कारण दिव्यांगांचा खेळ म्हणजे विरंगुळा, त्यात वेळ कसली बघायची? तू वेळ बघ. वेळ कमी झाली तर तुझे तास खरे.

भाची: आणि नाही झाली तर?

मामा: तर कारण शोध. त्याचं नसेल, तुझं असेल.

भाची: म्हणजे जाऊ?

मामा: मी कोण जा म्हणणारा? तिथल्या मुलांना विचार. पण पोहण्याचं अजूनही मला पसंत नाही.

भाची: आणि मला अजूनही वाटतं की सगळं शिकूनच जायचं ठरवलं तर कोणीच जाणार नाही.

इथे त्यांचं बोलणं थांबलं, एकमत न होता. ते झालं नाही हे बरंच आहे, कारण दोघांच्या म्हणण्याची गरज वेगवेगळ्या जागी आहे. मामाचं म्हणणं संस्थांनी आणि कॉलेजांनी ऐकायला हवं: प्रशिक्षित माणूस मैदानावर हजर असल्याशिवाय विद्यार्थ्याच्या हाती मूल सोपवू नये, आणि विद्यार्थी मिळाले म्हणून क्रीडाशिक्षकाचं पद रिकामं ठेवू नये. भाचीचं म्हणणं घरी बसलेल्या तरुणांनी ऐकावं: धावायला सोबती, गोलंदाजीला हात, संघातला सहावा गडी ही कामं पदवीची वाट बघत नाहीत, आणि ती तरुणांनीच करण्याजोगी आहेत.

या महिन्यात कॉलेजात फॉर्म समोर येईल. सही करण्याआधी चार गोष्टी विचारून घ्या. मैदानावर शिकलेला प्रशिक्षक कोण असेल? मुलांच्या आरोग्याची माहिती आणि काय टाळायचं ते आम्हाला कोण सांगेल? परीक्षेच्या दिवसांत कोण येईल? मी गेल्यावर माझी जागा कोण घेईल? उत्तरं मिळाली तर जरूर जा, आणि निदान वर्षभर जा. नाही मिळाली तर यंदा झाडं लावा. तेही काम चांगलंच आहे, आणि रोपट्याला तुम्ही पुढच्या रविवारी आला नाहीत याचं वाईट वाटत नाही.